येऊरमधले चार दिवस आणि एक हात

शुक्रवार

ठाण्यात राहणाऱ्या माणसाने शेजारच्या येऊरच्या जंगलात मुक्कामाला जाते म्हणून सांगितलं की ऐकणारा आधी चेहरा न्याहाळतो. शेजारच्या काकूंनी तर आवाज खाली आणून विचारलं, "घरात काही झालंय का गं?" नौपाड्यातून निघून तासाभरात जिथे पोचता येतं, तिथे चार दिवसांची बॅग भरून कोण जातं? पण माझी बँकेतली रजा शिल्लक होती आणि भाचीला मदतनीस हवा होता. ती पुण्यात प्राणिशास्त्रात एमएस्सी करते, विषय माकडांचे हावभाव. तिने फोनवरच माझी मुलाखत उरकली. "मावशी, तुला घड्याळ बघून वेळ लिहिता येते ना? आणि मधे मधे न बोलता बसता येतं?" पहिल्या प्रश्नाला मी हो म्हटलं.

माझं कारण वेगळं होतं. १ ऑक्टोबर २०२५ ला चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल गेल्या, ९१ वर्षांच्या होऊन. त्या दिवसापासून चिंपांझींबद्दल मिळेल ते मी वाचत सुटले होते. लोकलमध्ये, जेवताना, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता. डोक्यात एवढं साठलं, पण एखादं खरंखुरं माकड आपण दहा मिनिटं सलग कधी पाहिलेलं नाही, हे एक दिवस ध्यानात आलं. चिंपांझी बघायचे तर आफ्रिका गाठायला हवी. येऊर परिवहनच्या बसने गाठता येतं.

फेब्रुवारीची सकाळ. उपवनच्या तलावाभोवती चालणाऱ्यांचा बाजार भरलेला. तिथून वर चढलं की हवा दोन अंशांनी तरी बदलते, आणि सावरी फुललेल्या असतात. पानं एक नाही, नुसती लाल मांसल फुलं. वनविभागाच्या चौकीवर पिशवी उघडून दाखवली, पुढे निघालो, आणि पहिल्याच मोठ्या वळणावर टोळी भेटली.

भाचीने आधी ओळख करून दिली. डोक्यावरचे केस भांग पाडून टोपीसारखे चहूकडे पसरलेले आणि शेपूट अंगापेक्षा लांब, हे टोपी माकड. हे दक्षिण भारताचं, जगात दुसरीकडे कुठे नाही. केस मागे गेलेले, कंबरेखाली तांबूस झाक, शेपूट आखूड, हे लाल तोंडाचं उत्तरेकडचं माकड. ते हळूहळू दक्षिणेकडे सरकतंय आणि टोपीवाल्यांच्या जागा बळकावतंय. काळ्या तोंडाचं, लांब हातापायांचं ते वानर. संजय गांधी उद्यानाच्या जंगलात तिघंही आहेत, आणि आपण तिघांनाही माकड म्हणून मोकळे होतो. वळणावरची टोळी टोपीवाली होती. मी सोळा मोजली, भाचीने एकोणीस.

आणि लगेच आमचं पहिलं भांडण झालं. मला त्यांना नावं द्यायची होती. एका मादीचा भांग इतका चापूनचोपून होता की 'फणीवाली' हे नाव माझ्या तोंडून आपोआपच निघालं.

"नावं नकोत, मावशी. नाव दिलं की स्वभाव चिकटतो."

"गुडॉलबाईंनी दिली होती."

"म्हणून तर त्यांना बोलणी बसली होती."

हे खरंच. १९६० च्या जुलैत त्या आजच्या टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात पोचल्या तेव्हा त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवीसुद्धा नव्हती. त्यांनी एका नराला डेव्हिड ग्रेबिअर्ड म्हटलं, आणि त्याच वर्षी तो वारुळात गवताची काडी घालून वाळवी काढून खाताना त्यांना दिसला. अवजारं फक्त माणूस वापरतो, ही समजूत त्या काडीने मोडली. केंब्रिजमध्ये मात्र त्यांना ऐकावं लागलं की नावं कसली देता, क्रमांक द्या.  जपानी संशोधक तर आधीपासूनच नावं देत होते. कोशिमा बेटावर १९५३ मध्ये रताळं पाण्यात धुऊन खायला लागलेली दीड वर्षाची माकडीण सगळ्या जगाला इमो म्हणूनच ठाऊक आहे. तिचा क्रमांक काय होता, असं कुणी विचारत नाही.

तडजोड झाली. वहीत तिचे 'मा-३', 'न-१', मनात माझी फणीवाली.

भाचीला हवा होता तो हात. म्हणजे असं, की बंदीपूरच्या जंगलातली टोपी माकडं रस्त्यावरच्या माणसांकडे हात पुढे करतात आणि त्याचबरोबर 'कूऽ' असा मऊ आवाज काढतात. अद्वैत देशपांडे, श्रीजाता गुप्ता आणि अनिंद्य सिन्हा यांनी हे तपासून २०१८ मध्ये मांडलं. माकडाने हात पुढे केला म्हणजे ते मागतंय, असं आपण म्हणून टाकतो. म्हणून टाकणं आणि दाखवून देणं यात फार अंतर आहे. चिंपांझींच्या अभ्यासातून आलेल्या कसोट्या भाचीने माझ्याकडून पाठ करून घेतल्या. समोरचा बघतोय का, हे आधी पाहतं का? हात करून उत्तराची वाट बघत थांबतं का? नाही मिळालं तर पुन्हा करतं का, किंवा दुसरं काही करून बघतं का? मिळालं की थांबतं का? हे सगळं जमलं, तरच तो 'हेतुपूर्वक' केलेला हावभाव. नाहीतर नुसती हालचाल.

"येऊरची माकडं असं करतात का, कुणी मोजलेलं मला तरी सापडलं नाही," ती म्हणाली. "चार दिवसांत काही सिद्ध होणार नाही. पण एक जरी नोंद मिळाली ना..."

दिवसभरात एकही मिळाली नाही. मिळाले ते दोन गोचीड आणि मानेला उसण.

मुक्काम पाटोणापाड्यात, भाचीच्या ओळखीच्या एका वारली आजींकडे. तांदळाची भाकरी, सुकट आणि वालाचं कालवण. जेवताना त्यांनी विचारलं, आम्ही नक्की काय बघतो. भाचीने सांगितलं. आजींनी जरा विचार केला. "दिवसभर वांदरं बघता? आणि सरकार पैसं देतंय?" देत नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी दिसली.

शनिवार

पहाटे पावणेसहाला आजींनीच उठवलं. "आयका." लांब वरच्या अंगाला एक वानर खकरत होतं. घशात अडकलेलं काही बाहेर काढावं तसा कोरडा, तुटक आवाज. पुन्हा. मग दुसरं. आजी चूल पेटवत म्हणाल्या, "वाघ खाली उतरला." येऊरमध्ये वाघ म्हणजे बिबट्या. कुठून कुठे उतरला, हेही त्यांनी हाताने दाखवलं, कारण आवाज डावीकडून उजवीकडे सरकत गेला होता. मला तो नुसता आवाज वाटला होता. त्यांनी त्यातून नकाशा वाचला.

उजाडल्यावर त्या बाजूला गेलो, अर्थात पायवाट न सोडता. बिबट्या दिसला नाही. येऊरला गेलं की बिबट्या दिसलाच, असं सांगणारे लोक ठाण्यात पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातली नाही. पण खालच्या उतारावरची आमची टोपीवाली टोळी उजाडूनही झाडांवरच होती. एरवी या वेळेला ती रस्त्यावर असते.

"वानराचा आवाज ह्यांना कळतो?"

"कळतो." आणि मग भाचीने जे सांगितलं त्यासाठी पूर्ण सकाळ खर्ची पडली असती तरी चाललं असतं. दक्षिणेत उमा रामकृष्णन आणि रिचर्ड कॉस यांनी टोपी माकडांना लपवलेल्या स्पीकरवरून दुसऱ्या प्राण्यांचे इशारे ऐकवले होते. वानरांचे, सांबराचे. माकडं त्यावरही पळाली. बिबट्याची नकली बाहुली दाखवली तर ठिपक्यांवरून ओळखली. म्हणजे शेजाऱ्याची भाषा बोलता येत नाही, पण समजते. आमच्या चाळीत अर्ध्या बिऱ्हाडांचं गुजरातीबाबत असंच होतं.

याचं मूळ केनियात. अंबोसेलीमध्ये रॉबर्ट सीफार्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांनी १९८० मध्ये दाखवून दिलं की व्हर्व्हेट माकडांचा बिबट्यासाठीचा इशारा वेगळा, गरुडासाठीचा वेगळा, सापासाठीचा वेगळा. नुसता आवाज टेपवरून ऐकवला तरी पहिल्याला ती झाडावर चढतात, दुसऱ्याला वर बघतात, तिसऱ्याला मागच्या पायांवर उभी राहून गवतात शोधतात. जनावराचा आवाज म्हणजे भीतीने निसटलेली किंकाळी, ही समजूत इथे डळमळली.

"पण तरी शंका उरतेच," भाची म्हणाली. "ते माकड दुसऱ्याला *सांगतंय*, की त्याच्या तोंडून निघतंय आणि बाकीचे ऐकतायत? आपण ठेच लागल्यावर 'आई गं' म्हणतो ते कुणाला सांगायला थोडंच?"

इथे चिंपांझी येतात. युगांडातल्या बुडोंगो जंगलात कॅथरीन क्रॉकफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिंपांझींच्या वाटेवर सापाची बाहुली ठेवली. बाहुली बघितलेला चिंपांझी इशारा देतो, हे झालंच. पण सोबत्यांना साप आधीच माहीत असेल, तर तो कमी देतो. ज्यांनी पाहिलेला नाही आणि आधीचा इशाराही ऐकलेला नाही, असे कुणी जवळ असतील तर जास्त देतो. अभ्यास २०१२ चा. त्याच्या भीतीत फरक नाही, साप तोच. फरक आहे तो समोरच्याला काय ठाऊक आहे यात. हे ऐकून मी घड्याळात बघायचं विसरले आणि पाच मिनिटांचा रकाना कोरा राहिला. त्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळीच.

आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलातलं कामही असंच थक्क करणारं. तिथल्या चिंपांझींचे सुटे आवाज बाराच्या आसपास, पण ते जोडून जोडून संशोधकांनी नोंदवलेल्या वेगवेगळ्या माळा ३९०. प्रत्येक माळेला अर्थ आहे असं कुणी म्हटलेलं नाही. बहुतेक शोधनिबंधांत हे वाक्य शेवटच्या परिच्छेदात असतं आणि बातमीत ते गळतं.

दुपारी सावरीखाली बसलो. वर माकडं फुलं तोडून खालची मांसल वाटी खात होती आणि पाकळ्या आमच्या डोक्यावर टाकत होती. पोटात आजींची भाकरी आणि समोर तीन तास काही घडणार नाही ही खात्री. भांडायला याहून चांगली वेळ नाही. मी वाशू नावाच्या चिंपांझिणीचा विषय काढला.

चिंपांझीला बोलायला शिकवायचे पहिले प्रयत्न घशात अडकले. १९४० च्या दशकाच्या शेवटी हेज दांपत्याने व्हिकी नावाच्या पिल्लाला घरात वाढवलं, वर्षानुवर्षं मेहनत घेतली, आणि तिच्या तोंडून जेमतेम चार शब्द निघाले. मग रेनो गावात ॲलन आणि बिॲट्रिक्स गार्डनर यांनी १९६६ मध्ये रस्ता बदलला. आवाज जमत नाही ना, मग हात वापरा. बहिऱ्यांची अमेरिकी खूणभाषा त्यांनी वाशूला शिकवली, आणि काही वर्षांत तिच्या खुणा शंभराच्या पुढे गेल्या. हंस पाहून तिने 'पाणी' आणि 'पक्षी' अशा खुणा लागोपाठ केल्या, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. मीही सांगितली, जरा भारावूनच.

"तिथे पाणी होतं आणि पक्षीही होता," भाची म्हणाली.

मला राग आला. तिने निमची गोष्ट काढली, मी तयारच होते. निम चिम्पस्की. भाषा ही फक्त माणसाचीच, असं सांगणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कींना चिमटा काढायला ठेवलेलं नाव. १९७३ चा जन्म. हर्बर्ट टेरेस यांना खात्री होती की हा वाक्य करून दाखवील. निमने केलेली सगळ्यांत लांब रचना सोळा खुणांची होती. तिचा अर्थ मराठीत असा होईल: दे संत्रं मला दे खा संत्रं मला खा संत्रं दे मला खा संत्रं दे मला तू. भाचीच्या मते हे वाक्य नव्हे. माझं म्हणणं, मार्चअखेरीला आमच्या काउंटरवर येणारी निम्मी माणसं असंच बोलतात, आणि त्यांचं काम होतं.

टेरेस यांनी १९७९ मध्ये स्वतःच्याच प्रयोगाविरुद्ध पेपर लिहिला. निम भाषा बोलत नव्हता, हा त्याचा सारांश. मी म्हटलं, माणूस कच्चा निघाला. पोराला बंद खोलीत घोकंपट्टी करायला बसवलं, शिकवणारी माणसं सारखी बदलली, आणि मग म्हणे जमत नाही. गार्डनर मंडळींचाही आक्षेप साधारण हाच होता. भाची काही बोलली नाही. तिने केसांतली पाकळी काढली आणि म्हणाली, "दोन सत्तावीस. लिही."

संध्याकाळी पाड्यातली पोरं लॅपटॉपभोवती जमली. भाचीकडे चिंपांझींच्या हावभावांच्या चित्रफिती होत्या. बुडोंगोतच कॅथरीन होबेटर आणि रिचर्ड बर्न यांनी २०१४ मध्ये अशा ६६ हावभावांची यादी केली आणि त्यांतून १९ अर्थ काढले. पद्धत साधी. हावभाव केल्यावर समोरच्याने काय केलं की पहिला गप्प बसतो, ते बघायचं. जे मिळाल्यावर तो थांबला, तोच अर्थ. पुढे २०२३ मध्ये असल्याच चित्रफिती साडेपाच हजारांवर माणसांना दाखवल्या आणि चार पर्यायांतून अर्थ निवडायला सांगितला. नुसत्या अंदाजाने चारांत एक बरोबर यावा, लोकांची निम्म्याहून जास्त उत्तरं बरोबर आली. कुणी शिकवलेलं नसताना.

पोरांनी माझी लाज काढली. एका चित्रफितीत आई पिल्लाकडे पायाचा तळवा करते. मी म्हटलं, "लाथ दाखवतेय." सात-आठ वर्षांची एक मुलगी, कडेवर धाकटा भाऊ, लगेच म्हणाली, "ये, चढ, म्हणतेय." बरोबर होतं. एक चिंपांझी दंडावर आवाज होईल असं खरखरून खाजवतो. हे तर कुणीच सांगू शकणार नाही अशी माझी खात्री होती. दोघांनी एकदमच ओरडून सांगितलं, "त्याच्या उवा काढा!" तेही बरोबर. एकजण पान दातांनी टरकावत बसतो, त्याचा अर्थ भाचीने पोरांना सांगितला नाही. मला नंतर सांगितला. तो मादीला पटवत असतो.

मग आकड्यांचा खेळ. जपानमधल्या इनुयामाला आई नावाच्या चिंपांझीणीला आकडे शिकवले गेले, तिचा मुलगा आयुमू २००० सालचा. पडद्यावर एक ते नऊ यांतले पाच आकडे विखुरलेले क्षणभर दिसतात आणि पांढऱ्या चौकोनांनी झाकले जातात. चौकोनांना क्रमाने बोट लावायचं. आयुमूने यात विद्यार्थ्यांना मागे टाकलं, हा २००७ चा पेपर. पुरेसा सराव दिला तर माणसंही तिथवर पोचतात, हे भाचीने लगेच जोडलं. तिला कुठलीही गोष्ट पूर्ण गोड लागू द्यायची नसते. भाची बोलत असताना आजी मागे उभ्या होत्या. "आईला आई नाव?" त्यांनी विचारलं. जपानीत 'आई' म्हणजे प्रेम, असं सांगितल्यावर त्यांना ते रास्त वाटलं.

रविवार

रविवारी येऊरचा रस्ता जंगलातला राहत नाही. सात वाजल्यापासून सायकली, धावणारे, मग मोटारी. फरसाणाची पाकिटं, केळी, एका गृहस्थांनी तर पुरी-भाजीचा डबाच उघडला. खाऊ घालू नका म्हणून पाट्या आहेत. गृहस्थ म्हणाले, "मारुतीराया आहे, ताई." यावर काय बोलणार?

गुडॉलबाईंनीही हीच चूक केली होती, हे मला तिथे उभं राहून प्रकर्षाने आठवलं. चिंपांझी जवळून दिसावेत म्हणून १९६० च्या दशकात त्यांनी तळावर केळी ठेवायला सुरुवात केली. चिंपांझी आले, आणि केळ्यांवरून एकमेकांच्या उरावर बसायला लागले. पुढे केळी कमी करावी लागली. येऊरच्या वळणावर रविवारी सकाळी जे दिसतं ते माकडांचं वागणं, की केळ्यांचं? दहा वाजेपर्यंत तीन मारामाऱ्या नोंदल्या, तिन्ही पाकिटांवरून.

भाची रस्त्यापलीकडे 'न-१' च्या मागे होती. मी अलीकडच्या कठड्यावर. मांडीवर वही, शेजारी कापडी पिशवी, समोर तिपाईवर लावलेला भाचीचा फोन सगळं टिपत होता. आमच्यापाशी खायचं काही नव्हतं, तो आमचा नियम.

फणीवाली कठड्यावरून चालत आली. दोन हातांच्या अंतरावर बसली. माझ्याकडे पाहिलं, म्हणजे खरंच माझ्या तोंडाकडे. मग उजवा हात पुढे केला, तळवा अर्धा उघडा, आणि तसाच ठेवला. मी श्वास धरून बसले. तिने हात खाली घेतला. वाट पाहिली. पुन्हा पुढे केला, या खेपेला थोडा जास्त. तिच्या तळव्यावरच्या रेघा दिसल्या मला. काळपट, आणि आपल्यासारख्याच आडव्या. 'कूऽ' म्हणाली का, ते मोटारींच्या आवाजात कळलं नाही. मग एका रिक्षातून चिप्सचं पाकीट बाहेर आलं आणि ती गेली.

१०.४२. पाहिलं, थांबली, पुन्हा केलं. चारांपैकी तीन कसोट्या, आणि चौथी माझ्याच नियमाने अडली, कारण मी काही दिलं नाही. मी रस्ता ओलांडला तो दोन्ही बाजूंना न बघता.

भाची नाचली वगैरे नाही, तिचा स्वभाव नाही. पण तिने वहीत ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि खाली रेघ मारली. दुपारी तिने मला चिंपांझी आणि पोरांची आणखी एक गोष्ट सांगितली, खूश असल्याची खूण म्हणून असावी. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हायटन यांचा २००५ चा प्रयोग. एक पेटी, आत खाऊ. दाखवणारा माणूस आधी पेटीच्या वरच्या भोकात काठी घालतो, त्याचा काही उपयोग नाही, आणि मग समोरच्या भोकातून खाऊ काढतो. पेटी अपारदर्शक असेल तर चिंपांझी सगळंच करतो. पारदर्शक पेटीत वरची काठी कुठेच पोचत नाही हे दिसतं, तेव्हा तो ती पायरी गाळतो आणि सरळ खाऊ काढतो. माणसांची पोरं मात्र दिसत असूनही वरची काठी घालतात. नक्कल करण्यात माकड हुशार, ही आपली टोपीवाल्याच्या गोष्टीपासूनची समजूत. खरा नकलाकार दुसराच आहे. मला आमच्या घरचा सत्यनारायण आठवला. त्यातली एक पायरी आम्ही केवळ आजोबा तसं करायचे म्हणून करतो, आणि आजोबा ती पाट डुगडुगत होता म्हणून करत.

रात्री जेवताना मी आजींना हात करून दाखवला, फणीवालीसारखा. अर्धा उघडा तळवा.

"पिशवीला हात लावलात का?" आजींनी विचारलं.

"छे हो. मी तर हललेसुद्धा नाही."

आजींनी वालाचं कालवण वाढलं.

सोमवार

परतीचा दिवस. सोमवारचा रस्ता रिकामा, माकडं सुस्त, पाकिटं उडून झाडीत अडकलेली. सकाळची दोन तासांची नोंद विशेष नाही. एक पिल्लू आईच्या शेपटीशी खेळत होतं, यापलीकडे त्यात काही नाही. आजींचा निरोप घेतला. पैसे दिलेले त्यांनी मोजले नाहीत, पिशवीत लिंबं घातली.

बसला वेळ होता म्हणून थांब्यावर भाचीने फोन काढला आणि रविवारची चित्रफीत लावली. एकदा बघितली. मग मागे नेऊन पुन्हा. मग फोन माझ्या हातात दिला आणि दुसरीकडे बघत बसली.

मी स्वतःला कठड्यावर बसलेलं पाहिलं. जाड दिसत होते, ते असो. फणीवाली येते, बसते, माझ्या तोंडाकडे बघते. माझा डावा हात वहीवरून सुटतो आणि पिशवीच्या तोंडाशी जातो. बहुतेक रुमालासाठी. मला आठवतही नाही. *मग* तिचा हात पुढे येतो. मी हात काढते, ती हात खाली घेते. मी पुन्हा पिशवीच्या बंदाशी चाळा करते, आणि तिचा हात पुन्हा पुढे, थोडा जास्त.

"टेरेसनेही चित्रफितीच पाहिल्या होत्या," भाची हलकेच म्हणाली. "निमच्या खुणा त्यांनी वर्षानुवर्षं मोजल्या होत्या. मग फिती सावकाश चालवून बघितल्या, तर निमच्या आधी शिकवणाऱ्याचे हात हललेले असायचे. खूण आधी माणसाने केलेली. निम त्यातलीच उचलून परत देत होता."

"आणि कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"प्रत्येकाचं लक्ष निमकडे होतं ना."

बर्लिनचा तो गणिती घोडा मला ठाऊक होता. चतुर हान्स टाप मारून उत्तरं द्यायचा, आणि ऑस्कर फुंग्स्टने १९०७ च्या पुस्तकात दाखवून दिलं की बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याचीच मान नकळत हलते आणि घोडा थांबतो. विचारणाऱ्यांत लबाड कुणी नव्हतं. हे मी वाचलं होतं, शनिवारी सावरीखाली हवं तर सांगितलंही असतं.

मी वकिली केली. म्हटलं, पिशवीवरचा हात बघून तिने मागितलं असेल, तर तेही मागणंच झालं की. भाची म्हणाली, असेल. किंवा हात पिशवीशी गेला की खाऊ बाहेर येतो आणि तो पहिला झडप घालणाऱ्याचा, एवढंच तिने शेकडो रविवारांत शिकून ठेवलेलं असेल. यातलं कुठलं, ते या फितीवरून सांगता येत नाही. सांगता येत नाही, तर मोजता येत नाही.

बस वळण घेऊन येताना दिसली. भाचीने वही गुडघ्यावर घेतली, रविवारच्या पानावर १०.४२ ची ओळ शोधली आणि खालच्या रेघेसकट ती सरळ खोडली. मग जरा थांबून शेजारच्या रकान्यात बारीक अक्षरात दुसरी लिहिली. मी मान वाकडी करून वाचली.

'मावशी. डावा हात, पिशवीकडे. दोनदा. १०.४२.'